पादनियंत्रक, संगीत परिणामसाधनांचा

विद्युत् गिटार, सिंथेसायझर यांसारख्या वाद्यांच्या ध्वनीवर संस्कार करणारी इलेक्ट्रॉनीय साधने वादन चालू असतानाच पायाने चालू-बंद करण्यासाठी, एका जुळणीतून दुसऱ्या जुळणीत नेण्यासाठी किंवा संस्काराचे प्रमाण कमीजास्त करण्यासाठी वापरण्यात येणारी प्रयुक्ती. ध्वनीला खरखरीतपणा आणणे, त्याला प्रतिध्वनी जोडणे, त्याची तीव्रता वा कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) किंचित हेलकावत ठेवणे अशा संस्कारांना येथे ‘परिणाम’ आणि ते घडवून आणणाऱ्या मंडलांना ‘परिणामसाधने’ असे म्हटले आहे. वादकांच्या बोलण्यात त्यांना सरसकट ‘पेडल’ म्हणतात. गिटारवादकाचा एक हात तारा दाबण्यात व दुसरा त्या छेडण्यात गुंतलेला असल्याने पाऊल हाच एक अवयव मोकळा राहतो. पादनियंत्रकाच्या अभिकल्पातील बहुतेक प्रश्न या साध्या वस्तुस्थितीतून उद्‌भवतात. पाऊल हाताइतके नेमके नसते, वादकाचे लक्ष त्याच्याकडे नसते, त्याच्यावाटे शरीराचा सर्व भार कळेवर येऊ शकतो आणि श्रोत्यांसमोर एकदा झालेली चूक परत घेता येत नाही.

पादनियंत्रकांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गात वाद्याकडून आलेला विद्युत् संदेश प्रत्यक्ष नियंत्रकातून जातो आणि तेथील स्विच त्याला हव्या त्या साधनाकडे वळवितात. दुसऱ्या वर्गात ध्वनीचा संदेश नियंत्रकात येतच नाही. नियंत्रक फक्त आज्ञा पाठवितो व दूर ठेवलेली साधने त्या पाळतात. प्रत्यक्ष वापरातील अनेक नियंत्रक दोन्ही कामे करतात, परंतु अभिकल्पकाने या दोन कामांचा विचार वेगवेगळा करणे इष्ट असते. कारण पहिल्यात ध्वनीची शुद्धता पणाला लागलेली असते, तर दुसऱ्यात वेळ.

इतिहास : पायाने वाद्यावर ताबा ठेवण्याची कल्पना इलेक्ट्रॉनिकीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. यूरोपातील चर्चमधल्या नलिका-ऑर्गनांत मंद्र स्वरांसाठी पायपट्ट्या असत. १७१२ मध्ये जॉर्डन पितापुत्रांनी लंडनच्या सेंट मॅग्नस चर्चमधील ऑर्गनाच्या काही नलिका पेटीत बंद करून तिची झडप पायाने उघडमीट करण्याची सोय केली व त्यामुळे ऑर्गनाचा आवाज क्रमाक्रमाने वाढविणे शक्य झाले. मराठी संगीत रंगभूमीवर साथीला असलेल्या ऑर्गनात आणि पायपेटीत भाता पायाने हलवून दोन्ही हात स्वरपट्ट्यांसाठी मोकळे ठेवीत, हेही त्याच विचाराचे उदाहरण होय. १९३५ मध्ये विक्रीस आलेल्या हॅमंड विद्युत् ऑर्गनात आवाजाचे नियंत्रण पायाकडेच होते.

गिटारसाठी पायाखाली ठेवावयाच्या आधुनिक साधनांची सुरुवात मात्र एका बिघाडातून झाली. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोंट वरी’ या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना ध्वनिमिश्रण-मंचातील एका सदोष भागामुळे मंद्र गिटारचा आवाज चिरका व घोगरा उमटला. तो ऐकणाऱ्यांना आवडला. ध्वनिमुद्रण अभियंता ग्लेन स्नॉडी यांनी तोच परिणाम मुद्दाम घडवून आणणारे ट्रँझिस्टरचे मंडल रेव्हिस हॉब्ज यांच्या साहाय्याने तयार केले आणि गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विक्रीस आणले. १९६५ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात त्याचा वापर झाल्यावर त्याला मोठी मागणी आली. पुढे १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील टॉमस ऑर्गन कंपनीतील ब्रॅड प्लंकेट यांनी विवर्धकातील स्वररंग बदलणाऱ्या स्विचाऐवजी चल रोधक वापरून पाहिला. तो ऑर्गनाच्या आवाज-नियंत्रक पायपट्टीत बसविला असता मनुष्याच्या ‘वाऽ वाऽ’ या उच्चारासारखा परिणाम मिळाला व १९६७ मध्ये ‘वा-वा पेडल’ बाजारात आले. जपानच्या रोलंड कंपनीने १९७७ मध्ये ‘बॉस’ या नावाने काढलेल्या छोट्या साधनांत वरचा सगळा पत्राच कळ म्हणून हलतो, त्यामुळे पाऊल कोठेही पडले तरी चालते. ही रचना आजही मूळ रूपात टिकून आहे, यातच तिची योग्यता दिसते.

साधनांची संख्या वाढली तशी ती हाताळण्याची अडचणही वाढली. पाच साधनांच्या चालू-बंद अवस्थांच्या ३२ जुळण्या होतात, आठांच्या २५६. गीताच्या ध्रुवपदातून अंतऱ्यात जाताना एक साधन बंद करून दुसरी दोन चालू करावयाची असतील, तर वादकाला तीन कळा दाबाव्या लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांत संपते. तेवढ्या वेळात तीन ठिकाणी पाऊल टाकणे म्हणजे वादन सोडून नाचणेच होय, आणि वादकांच्या परिभाषेतही या धावपळीला नाचाचेच नाव आहे. यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकात लंडनचे पीट कॉर्निश यांनी डेव्हिड गिल्मर आदी वादकांसाठी सर्व साधने एका फळीवर एकत्र बसवून दिली. १९८० च्या दशकात अमेरिकेचे बॉब ब्रॅडशॉ यांच्या पद्धतीत साधने मागे कपाटात गेली आणि वादकापुढे केवळ कळांची फळी उरली. एक कळ दाबताच पूर्वी ठरवून ठेवलेली संपूर्ण जुळणी एकदम अमलात येते, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य असून आजच्या पादनियंत्रकाची व्याख्याच त्यातून झाली आहे.

ध्वनिसंदेशाचा मार्ग : विद्युत् गिटारच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. अशा वेटोळ्याची प्रवर्तकता (विद्युत् प्रवाहातील बदलास विरोध करण्याचा गुणधर्म) मोठी, काही हेन्री, असते. त्याला जोडलेल्या केबलीची विद्युत् धारणा दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅराड असते. या दोहोंचे मिळून अनुस्पंदन मंडल बनते व त्याच्या अनुस्पंदन कंप्रतेजवळचे स्वरांश उठून दिसतात. प्रवर्तकता २·५ हेन्री व केबल ५ मी. लांब (५०० पिकोफॅराड) असेल, तर ही कंप्रता सुमारे ४,५०० हर्ट्‌झ येते. केबल १० मी. झाली की ती सुमारे ३,२०० हर्ट्‌झपर्यंत खाली उतरते आणि तिच्या वरचे स्वरांश क्षीण होतात. वादक याचे वर्णन ‘आवाजावर गोधडी पडल्यासारखे’ असे करील. नियंत्रकातून संदेश आत-बाहेर जाताना केबलीची एकूण लांबी सहज दुप्पट होते, हे लक्षात घेतले म्हणजे सर्व साधने बंद असतानाही वाद्याचा रंग का बदलतो ते कळते.

यावरील उपाय म्हणजे प्रवेशद्वारीच एक बफर, म्हणजे संदेश न वाढविता त्याचा उगम-संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण विरोध) कमी करणारे मंडल, बसविणे. त्याचा आदान संरोध सुमारे १० लक्ष ओहम ठेवल्यास पिकअपवर भार पडत नाही आणि प्रदान संरोध काहीशे ओहम असल्यास पुढील लांब केबलीचा उपद्रव होत नाही. ‘साधन बंद असताना संदेश कोणत्याही मंडलातून न जाता सरळ तारेतून जावा’ असा आग्रह धरणारे वादक पुष्कळ आहेत. एखाद-दुसऱ्या साधनापुरता तो योग्य आहे. परंतु आठ साधनांच्या माळेत तो अक्षरशः पाळल्यास वर दिलेल्या गणिताप्रमाणे नुकसानच होते. याला अपवाद जुन्या पद्धतीच्या काही खरखर-साधनांचा आहे. त्यांचा आदान संरोध कमी असल्याने ती गिटारच्या पिकअपला थेट जोडली असताच नीट वाजतात आणि म्हणून त्यांना बफरच्या आधीची जागा द्यावी लागते.

संदेश वळविण्यासाठी यांत्रिक स्विच, अभिचालित्र (लहान प्रवाहाने चुंबकाद्वारे स्विच हलविणारी प्रयुक्ती) किंवा अर्धसंवाहक स्विच वापरतात. तिन्हींत मुख्य शत्रू ‘टक’ असा आवाज हा होय. साधनाच्या तोंडाशी असलेल्या धारित्रातून (विद्युत् भार साठविणाऱ्या घटकातून) अत्यल्प प्रवाह झिरपत असतो. टोक मोकळे असताना तेथे विद्युत् दाब साठत जातो आणि स्विच जुळताच तो एकदम उतरून ध्वनिक्षेपकातून टकटक ऐकू येते. प्रत्येक मोकळ्या टोकापासून भूमीपर्यंत १० लक्ष ओहमचा एक रोधक जोडला, तर हा भार सतत वाहून जातो. एवढ्या स्वस्त घटकाने एवढा मोठा दोष दूर होण्याची उदाहरणे थोडीच असतील. उरलेला टक हा संदेश मध्येच तुटल्याने होतो. तरंग शिखरावर असताना कापला गेला की त्या उभ्या कड्यात सर्व कंप्रतांचे अंश येतात. क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टर वापरल्यास त्याच्या नियंत्रक अग्रावरील दाब काही मिलिसेकंदांत उतरत्या रेषेने बदलून संदेश एकदम न तोडता मावळविता येतो. अभिचालित्राचा संपर्क असा हळूहळू जुळू शकत नाही. म्हणून चांगल्या नियंत्रकात प्रथम प्रदान क्षणभर मूक करतात, मग अभिचालित्रे हलवितात आणि ती स्थिरावल्यावर प्रदान पुन्हा खुले करतात. ही सर्व क्रिया १०–१५ मिलिसेकंदांत आटोपते.

अभिचालित्राची निवड करताना आणखी एका गोष्टीचा निर्णय घ्यावा लागतो : कार्यक्रमाच्या मध्यात नियंत्रकाचा वीजपुरवठा तुटला तर काय व्हावे? साध्या अभिचालित्राला चालू स्थितीत राहण्यासाठी अखंड प्रवाह लागतो. वीज जाताच ते मूळ स्थितीला येते. मूळ स्थितीत वाद्य सरळ विवर्धकाला जोडले जाईल अशी जोडणी केली, तर परिणाम नाहीसे होतात, परंतु वाद्य वाजत राहते. द्विस्थिर अभिचालित्राला फक्त स्थिती बदलतानाच प्रवाह लागत असल्याने वीज वाचते व उष्णताही कमी होते. मात्र वीज गेली की ते होते तेथेच अडकून राहते आणि ज्या साधनाकडे संदेश वळविलेला आहे तेच बंद पडले असेल, तर सगळाच आवाज जातो. मूक करणारा स्विच तर वीज नसताना खुला राहील असाच निवडला पाहिजे. घटकांच्या किंमतीत व विजेत होणाऱ्या बचतीपेक्षा रंगमंचावरील नामुष्की महाग पडते. म्हणून ध्वनिमार्गात साधे अभिचालित्र वापरणे अधिक शहाणपणाचे होय.

कळ व तिचे वाचन : पायाने दाबावयाच्या कळा दोन प्रकारच्या असतात. खटक्याची कळ एकदा दाबली की त्या स्थितीत राहते आणि पुन्हा दाबल्यावर सुटते. क्षणिक कळ पाऊल उचलताच परत येते. सूक्ष्मनियंत्रक (एकाच अर्धसंवाहक चकतीवर संगणकाचे सर्व भाग असलेली प्रयुक्ती) वापरलेल्या नियंत्रकात क्षणिक कळच योग्य ठरते, कारण तिला स्वतःची अशी स्मृती नसते. खटक्याच्या कळेची यांत्रिक स्थिती आणि जुळणीतील साधनाची खरी स्थिती यांच्यात फारकत पडली, की दिवा काही सांगतो व आवाज काही.

कोणत्याही यांत्रिक संपर्काचे धातूचे पृष्ठभाग जुळताना काही मिलिसेकंदपर्यंत एकमेकांवरून उसळत राहतात. मनुष्याच्या दृष्टीने कळ एकदा दाबली गेली असली, तरी सूक्ष्मनियंत्रकाला ती दहा-वीस वेळा दाबल्यासारखी दिसते. चालू-बंद करणाऱ्या कळेच्या बाबतीत त्याचा परिणाम कधी चालू तर कधी बंद असा लहरी होतो. १०,००० ओहमचा रोधक आणि १ मायक्रोफॅराडचे धारित्र यांच्या जोडीने हे उसळणे १० मिलिसेकंदांच्या कालस्थिरांकाने बुजविता येते. तथापि आज हे काम आज्ञावलीकडेच (प्रोग्रॅमकडे) सोपवितात. दर मिलिसेकंदाला कळ वाचावयाची आणि ओळीने ठराविक वेळा एकच उत्तर आले तरच ते खरे मानावयाचे, ही एक रीत. पहिला संपर्क होताच कृती करावयाची आणि पुढील २०–३० मिलिसेकंद त्या कळेकडे दुर्लक्ष करावयाचे, ही दुसरी. दुसऱ्या रीतीत विलंब जवळजवळ नसतो, पण विद्युत् गोंगाटाने आलेला एखादा खोटा स्पंदही खरा ठरतो. लांब तारा नसलेल्या, धातूच्या बंद खोक्यात ही भीती कमी असते.

प्रतिध्वनीची लय पायाने ठेका देऊन ठरविण्याची सोय असते तेथे हा फरक महत्त्वाचा ठरतो. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत दोन ठेक्यांतील अंतर ६०० मिलिसेकंद असते. प्रत्येक ठेका सारख्याच विलंबाने वाचला गेला तर वजाबाकीत तो विलंब नाहीसा होतो. विलंब कधी २ तर कधी १२ मिलिसेकंद असा बदलत राहिला, तर लय दीड टक्क्याहून अधिक चुकते आणि काही आवर्तनांतच प्रतिध्वनी ठेक्यापासून सरकल्याचे कानाला जाणवते.

कळांची संख्या वाढल्यावर प्रत्येकीस स्वतंत्र तार देण्याऐवजी त्या आडव्या-उभ्या तारांच्या जाळ्यावर बसवितात. चार आडव्या व चार उभ्या अशा आठ तारांत १६ कळा वाचता येतात. दोन-तीन कळा एकदम दाबल्यास न दाबलेली चौथी दाबल्याचा भास होऊ नये, म्हणून प्रत्येक कळेबरोबर एक डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा घटक) जोडतात. कळा अपुऱ्या पडतात म्हणून एकाच कळेला अल्पकाळ दाबण्याचे एक व दीर्घकाळ दाबण्याचे दुसरे काम देण्याची प्रथा वाढली आहे. यातील खोच अशी, की दीर्घ दाब आहे की नाही हे कळण्यासाठी नियंत्रकाला पाऊल उचलले जाईपर्यंत थांबावे लागते. म्हणजे अल्प दाबाचे कामही उशिरा होते. नेमक्या मात्रेवर व्हावयाचे बदल अशा दुहेरी कळेवर कधीही ठेवू नयेत.

मिडी आज्ञा : निरनिराळ्या उत्पादकांची इलेक्ट्रॉनीय वाद्ये एकमेकांना जोडता यावीत यासाठी डेव्ह स्मिथ, इकुतारो काकेहाशी आदींच्या प्रयत्नांतून ‘मिडी’ हे मानक १९८३ मध्ये अस्तित्वात आले. दोन उत्पादकांचे सिंथेसायझर जोडून त्याचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतील वाद्य-व्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात झाले. दूरस्थ साधनांना आज्ञा देणारे पादनियंत्रक मुख्यतः याच मानकाचा उपयोग करतात. मिडीत माहितीचे बिट (० किंवा १ हे द्विमान अंक) एकाच तारेतून एकामागून एक, सेकंदाला ३१,२५० या गतीने जातात. ही विचित्र वाटणारी संख्या १० लक्ष भागिले ३२ अशी आली आहे. त्या काळच्या घड्याळ-मंडलांतून ती सहज मिळे. उदा., इंटेल कंपनीच्या ८०५१ या १९८० मधील सूक्ष्मनियंत्रकाला १२ मेगॅहर्ट्‌झचा स्फटिक जोडला असता त्याच्या अंतर्गत भागाकारांनी नेमकी हीच गती मिळते.

आठ बिटांच्या प्रत्येक गटास (बाइटीस) आरंभीचा व अखेरचा असे दोन बिट जोडले जात असल्याने एका बाइटीला ३२० मायक्रोसेकंद लागतात. जुळणी बदलण्याच्या आज्ञेत दोन बाइटी असतात : पहिलीत आज्ञेचा प्रकार व १६ पैकी एका वाहिनीचा क्रमांक, दुसरीत ० ते १२७ मधील जुळणीचा क्रमांक. ही आज्ञा ०·६४ मिलिसेकंदात जाते. चार साधनांना ती एकापाठोपाठ एक पाठविल्यास शेवटच्या साधनाला ती २·५६ मिलिसेकंदांनी पोहोचते. ध्वनीला हवेतून ३·४ मी. जाण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे विवर्धकापासून एक पाऊल मागे सरकल्याने होणारा विलंब या आज्ञांच्या विलंबाहून फारसा कमी नाही. तेव्हा विलंबाचे खापर मिडीवर फोडणे बहुधा चुकीचे असते. काही अंकीय साधने नवी जुळणी स्मृतीतून काढताना आवाजात जे खिंडार पाडतात, ते कोणत्याही नियंत्रकाला बुजविता येत नाही.

क्रमांकांच्या बाबतीत एक नेहमीचा घोटाळा सांगण्यासारखा आहे. तारेतून जाणारे क्रमांक ० ते १२७ असले, तरी काही उत्पादक आपल्या साधनाच्या दर्शकावर ते १ ते १२८ असे दाखवितात, तर काही जुळण्यांचे चार-चारांचे गट पाडून त्यांना अक्षरे देतात. नियंत्रकावर ५ पाहून साधनावर ६ उमटले म्हणजे नवखा वादक बिघाड शोधू लागतो. प्रत्येक वाहिनीसाठी गणना कोठून सुरू करावी हे वादकाला ठरविता येईल, अशी सोय नियंत्रकात ठेवणे हे अभिकल्पकाचे काम आहे.

मिडीच्या जोडणीत एक गोष्ट विशेष विचारपूर्वक केलेली आहे. पाठविणाऱ्या बाजूकडून ५ मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि घेणाऱ्या बाजूस तो एक प्रकाश उत्सर्जक डायोड पेटवितो. त्याचा प्रकाश समोरच्या प्रकाशग्राही ट्रँझिस्टरवर पडून माहिती आत जाते. दोन्ही साधनांत विद्युतीय संबंध राहत नाही. पाच टाचण्यांच्या जोडणीपैकी मधल्या टाचणीवरील आवरण-तारही फक्त पाठविणाऱ्या बाजूसच भूमीला जोडतात. यामुळे भूमि-तारांचे बंद वेटोळे तयार होत नाही आणि वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्‌झ कंप्रतेची घुमघुम ध्वनीत शिरत नाही. स्वतः नियंत्रक तयार करणारे हौशी लोक एक घटक वाचविण्यासाठी हे विलगन गाळतात. त्यांची घुमघुम मग इतर कशानेही जात नाही. पाचपैकी वापरात नसलेल्या बाजूच्या दोन टाचण्यांतून नियंत्रकाला वीज पुरविण्याची युक्ती मात्र उपयुक्त असून अनेक उत्पादकांनी ती उचलली आहे. मानकात तिचा अंतर्भाव नाही. केबलीची लांबी मानकानुसार १५ मी. पेक्षा अधिक नसावी.

सलग नियंत्रणाची पायपट्टी : आवाज, प्रतिध्वनीचे प्रमाण इ. राशी क्रमशः बदलण्यासाठी डोलणारी पट्टी वापरतात. तिच्या खाली दातेरी पट्टी व चाक यांनी फिरणारा चल रोधक असतो. घर्षणाने त्याची वाट झिजते व काही काळाने तो खरखरू लागतो. म्हणून काही रचनांत पट्टीबरोबर हलणारा पडदा प्रकाश अडवितो वा चुंबक हलतो आणि त्यावरून स्थिती ओळखली जाते. चल रोधकावरील दाब १,०२४ पायऱ्यांत मोजून मिडीसाठी १२८ पायऱ्यांत उतरविताना पट्टी स्थिर असतानाही शेवटचा अंक दोन मूल्यांत थरथरतो व निरर्थक आज्ञांचा पाऊस पडतो. मोजलेले मूल्य मागील मूल्यापासून तीन-चार पायऱ्यांहून अधिक हलल्याखेरीज आज्ञा न पाठविणे हा साधा उपाय पुरतो. आज्ञांच्या दरावरही मर्यादा हवी, नाहीतर वेगाने पट्टी फिरविताना तारेत आज्ञांची रांग लागते आणि त्याच क्षणी दाबलेल्या कळेची आज्ञा रांगेत शेवटी उभी राहते. पट्टी यांत्रिक अडथळ्यांमुळे कधीच पूर्ण शून्यापर्यंत वा पूर्ण टोकापर्यंत जात नाही. तिची खरी टोके वादकाकडून एकदा नोंदवून घेऊन मधला पल्ला ताणावा लागतो. तीन जोडांच्या खुंटीत चल रोधकाची मधली तार कोठे असावी याविषयी उत्पादकांत दोन परंपरा असल्याने खुंटी आत-बाहेर करताना वीजपुरवठा भूमीला जोडला जाण्याचा संभव असतो; १,००० ओहमचा एक रोधक मध्ये घातल्यास हानी टळते.

बांधणी : बुटाचा पुढील भाग सुमारे १० सेंमी. रुंद असतो. कळांची मध्यांतरे याहून फार कमी ठेवल्यास शेजारची कळही दाबली जाते. ती फार वाढविल्यास फळी वाहून नेण्याजोगी राहत नाही. दोन रांगा असतील तर मागची रांग उंचावर व थोडी कललेली ठेवतात, म्हणजे तिच्याकडे जाणारा चवडा पुढच्या रांगेवर पडत नाही. सर्वांत जास्त वापरावयाची कळ टोकाला असावी, कारण न पाहताही फळीची कडा पावलाला सापडते. ७० किग्रॅ. वजनाचा माणूस एका टाचेवर उभा राहिला, तर सुमारे ७०० न्यूटन प्रेरणा काही चौ. सेंमी. वर येते. यासाठी खोके पोलादी पत्र्याचे किंवा ओतीव ॲल्युमिनियमाचे करतात आणि पत्रा दबला तरी खालच्या मंडलपट्टीला कळ टेकणार नाही इतके अंतर सोडतात. कळेचा भार मंडलपट्टीवरील डाखांवर येऊ देणे ही घरगुती बांधणीतील सर्वांत सामान्य चूक आहे. काही महिन्यांत डाख तडकतात व दोष कधी दिसतो, कधी लपतो. दिवे कळेच्या मागे, म्हणजे पावलाने झाकले जाणार नाहीत असे, बसवावेत. अंधाऱ्या मंचावर डोळे दिपणार नाहीत आणि उघड्या मैदानात उन्हातही दिसतील यासाठी त्यांची तेजस्विता बदलता आली पाहिजे.

ही सर्व मापे उभ्याने वाजविणाऱ्या, बूट घातलेल्या वादकाला धरून ठरलेली आहेत. भारतीय बैठकीत वादक मांडी घालून बसतो व पादत्राणे मंचाखाली राहतात. तेथे पाऊल मोकळे नसतेच, आणि अनवाणी पावलाला कडक स्प्रिंगची धातूची कळ टोचते. सतार वा सरोद यांना परिणामसाधने जोडणाऱ्या वादकासाठी मऊ, रुंद व हलक्या दाबाची कळ गुडघ्याजवळ किंवा हातापाशी देणे, अथवा नियंत्रण साथीदाराकडे सोपविणे अधिक सोयीचे पडते. दुसऱ्यांच्या सवयींतून आलेले माप जसेच्या तसे उचलू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

वीजपुरवठा व स्मृती : सुट्या साधनांसाठी ९ व्होल्टची प्रथा ट्रँझिस्टर-रेडिओच्या चौकोनी विद्युत् घटापासून आली. जोडणीच्या मध्यभागी ऋण अग्र असण्याची पद्धत सामान्य असली, तरी सार्वत्रिक नाही. म्हणून उलट्या जोडणीपासून रक्षण करणारा डायोड आवश्यक असतो. जुन्या खरखर-साधनाला एखादा मिलिअँपिअर पुरतो, पण अंकीय साधनाला शेकड्यांनी मिलिअँपिअर लागतात. दोघांना एकाच पुरवठ्यावर ठेवल्यास अंकीय साधनाच्या घड्याळाची शिटी ध्वनीत ऐकू येते, त्यामुळे विलग पुरवठे बरे. जुळण्या विद्युतीय रीत्या पुसता येणाऱ्या कायम स्मृतीत साठवितात. अशा स्मृतीच्या प्रत्येक स्थानी सामान्यतः सुमारे १ लाख वेळा लिहिता येते. वादकाने मुद्दाम साठवा असे सांगितल्यावरच लिहिले, तर ही मर्यादा गाठली जात नाही. प्रत्येक दाबागणिक शेवटची स्थिती लिहीत राहिल्यास मात्र काही वर्षांत ते स्थान निकामी होऊ शकते.

अलीकडील घडामोडी : मिडीच्या आज्ञा संगणकाच्या यूएसबी जोडणीतून पाठविण्याचे मानक १९९९ मध्ये व ब्लूटूथ रेडिओ तरंगांवाटे पाठविण्याचे २०१५ मध्ये मान्य झाले. फळीवरील जागा वाचावी म्हणून पाच टाचण्यांच्या जोडणीऐवजी ३·५ मिमी. व्यासाची छोटी खुंटी वापरण्याच्या उत्पादकागणिक भिन्न असलेल्या पद्धतींतून २०१८ मध्ये एक पद्धत मानक ठरविण्यात आली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘मिडी २·०’ मध्ये नियंत्रण-मूल्यांच्या १२८ पायऱ्यांची मर्यादा दूर होऊन ती ३२ बिटांची झाली आहेत व साधने एकमेकांना आपली माहिती विचारू शकतात. बिनतारी नियंत्रकांत रेडिओ संपर्कामुळे विलंब एकसारखा राहत नाही. या कारणाने लयीशी बांधलेल्या कामांसाठी व्यावसायिक वादक अद्यापि तारेचीच जोडणी पसंत करतात.